डॉक्टरांचं अक्षर फक्त मला लागतं

१० जानेवारी

औषध कंपनीच्या एमआरनं नेहमीप्रमाणे डायरी दिली. दरवर्षी ती ऋतिकाकडे जाते आणि होळीपर्यंत तिच्यात मेंदीच्या डिझाइन भरून जातात. यंदा मी लेकीला दिली नाही. आज जे पाहिलं ते कुणाजवळ बोलायची सोय नाही, म्हणून इथं लिहितो.

रस्त्याच्या पलीकडे नवं मेडिकल उघडलं. धुळ्याकडची कुणी हेमांगी देवरे, शिकलेली, तिशीची. पिंप्राळ्यात मेडिकलं काय कमी होती? बरं, उघडलं तर उघडलं. पण फीत कापायला बोलावलं कुणाला, तर आमच्या डॉक्टर झांबऱ्यांना. वरच्या मजल्यावर त्यांचा दवाखाना, खाली माझं दुकान, असं आमचं वीस वर्षांच्या वर चाललंय. ते सरळ माझ्या दुकानावरून पलीकडे गेले. जाताना मान हलवली एवढंच.

कात्री त्यांच्या हातात दिली आणि लगेच हिनं वरून आपलाही हात लावला. दोघांनी मिळून फीत कापली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या दुकानाच्या वेळी डॉक्टरांनी एकट्यानं एका झटक्यात कापली होती. मला काय, मी गिऱ्हाईक बघत बसलो. पेढा पाठवला होता तिनं, तो मी घरी बायकोला, दिपमालाला देऊन टाकला.

२१ जानेवारी

आज भुसावळहून एक माणूस आला. आमच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तो स्टेशनजवळची सगळी मेडिकलं फिरला होता. एकालाही लागली नाही. शेवटी एकानं सांगितलं म्हणे, पिंप्राळ्याला लीलाधरकडे जा. मी चिठ्ठी हातात घेतली, त्याच्या घशाकडे बघितलं, वय विचारलं आणि औषधं काउंटरवर ठेवली. तो बघतच राहिला.

लोकांना वाटतं मी अक्षर वाचतो. अक्षर कोण वाचतंय? मी माणूस वाचतो. समोर कोण उभा आहे, त्याला काय होतंय, अशा वेळी डॉक्टर काय देतात, हे मला पाठ आहे. कागदाकडे मी नंतर बघतो, खात्रीपुरतं. पूर्वी डॉक्टरांचं अक्षर मोठं, ऐसपैस असायचं. दोनेक वर्षांत ते बारीक होत गेलंय. ओळ सुरू होते तेव्हा बरी असते, शेवटाला जाईपर्यंत मुंग्या दिसतात. वय झालं की माणूस कंजूष होतो, शाईतसुद्धा.

आणि कधी कधी डॉक्टरांकडून चुकतंही. गेल्या आठवड्यात एका लहान मुलीला मोठ्या माणसाचा डोस लिहिला होता. मी गुपचूप बरोबर तो दिला. वर जाऊन सांगितलं नाही, कधीच सांगत नाही. त्यांना कशाला ओशाळं करायचं? आपल्या माणसाला सांभाळून घेणं म्हणजे आणखी काय असतं? समोरच्या बाईला हे जमायचं नाही.

३० जानेवारी

आज मजा आली, लिहितोच.

समोरच्या बाईनं सकाळपासून वर फोनचा सपाटा लावला होता. ही गोळी कुठली, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर. तिसऱ्या फोनला डॉक्टर असे भडकले की खाली जिन्याशी मला ऐकू आलं. तुम्हाला वाचता येत नसेल तर दुकान कशाला मांडलं, मी इथं पेशंट बघू की तुमची शिकवणी घेऊ, असं सगळं. मी खाली उभा राहून हसत होतो, खोटं कशाला सांगू.

बया तरी ऐकेना. चिठ्ठी घेऊन स्वतःच वर गेली. आणि काय झालं? डॉक्टरांनी चिठ्ठी हातात घेतली, चष्मा लावला, चष्मा काढला, खिडकीच्या उजेडात धरली आणि शेवटी म्हणाले, "खाली लीलाधरला दाखवा. तो सांगेल काय लिहिलंय ते."

हे मला दवाखान्यात पेशंटला हाक मारायला असलेल्या पुनानं येऊन सांगितलं. डॉक्टरांनी स्वतः लिहिलेलं, पण सांगायला माझं नाव! मग ती माझ्या दुकानात आली. मी आधी तीन गिऱ्हाइकं केली, मग तिच्याकडे वळलो, मग मोठ्यानं वाचून दाखवलं. ती थँक्यू म्हणाली, पण खूश दिसली नाही. उलट काळजीत पडल्यासारखी बराच वेळ कागदाकडे बघत होती. हरलेली माणसं अशीच दिसतात.

११ फेब्रुवारी

मी फार लवकर हसलो.

ती आता रोज दुपारी वर जाते. दवाखाना रिकामा झाला की दिवसभरातल्या न लागलेल्या चिठ्ठ्या घेऊन डॉक्टरांसमोर बसते. आधी ओरडणारे डॉक्टर आता तिला चहा सांगतात. पुना म्हणतो, दार लोटून बोलत असतात, कधी अर्धा तास, कधी जास्त. वीस वर्षांत मला डॉक्टरांनी समोर बसवून चहा पाजला तो पाडव्याला, तोही वर्षातून एकदा.

माझ्याशी तर वागणंच बदललंय. संध्याकाळी जाताना दुकानाशी थांबायचे, काउंटरवर टेकून इकडचं तिकडचं बोलायचे. आता लांबूनच बोलतात आणि उजवा हात खिशातून बाहेर काढत नाहीत. एवढा कसला तोरा? चालतानाही आखडल्यासारखे चालतात. नवी माणसं भेटली की जुन्यांशी असंच होतं.

दिपमालाला सांगितलं तर ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "सवत आली वाटतं तुमची." आणि वर हसली. जेवण गेलं नाही मला.

१२ फेब्रुवारी

आजही गेली होती. सोबत डबा.

२६ फेब्रुवारी

आज ती स्वतः माझ्याकडे आली. दुकानात कुणी नव्हतं. लीलाधरभाऊ, एक मागू का, म्हणाली. मला वाटलं एखादं औषध हवं असेल. तर म्हणते, "थोडे दिवस तुम्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचणं बंद करा."

मी म्हटलं, म्हणजे?

म्हणजे जिथं अक्षर स्पष्ट नाही तिथं अंदाज करू नका, वर पाठवून विचारा. तुम्हाला कळलेलं असलं तरी विचारा. चुकलेलं तुम्ही परस्पर दुरुस्त करता ना, तेही त्यांना दाखवा. मला वाटलं, हिला हे कसं कळलं? ती म्हणाली, "तुम्ही सगळं निभावून नेता म्हणून डॉक्टरांना वाटतं, सगळं ठीक आहे. ते थांबत नाहीत." मी विचारलं, थांबायचं कशाला?  ते मी सांगणं बरोबर नाही, तुम्ही त्यांनाच विचारा, म्हणाली.

मी काय दूधखुळा आहे? माझ्या हातात एकच गोष्ट आहे, जी या गावात दुसऱ्या कुणाच्या हातात नाही, आणि ही बाई गोड बोलून तीच माझ्याकडून काढून घ्यायला आली. मी वर चिठ्ठ्या पाठवायला लागलो की डॉक्टरांनी म्हणावं, अरे, याला पण लागत नाही, मग याच्यात आणि तिच्यात फरक काय! मी तिला सांगितलं, "ताई, ज्याला वाचता येत नाही त्यानं विचारावं. मला येतं." ती गेली. जाताना डोळ्यांत पाणी होतं की काय कुणास ठाऊक. बायकांना ते जमतं.

डॉक्टरांना विचारायला मी गेलो नाही. काय विचारू? माझ्यात काय कमी पडलं म्हणून विचारू?

७ मार्च

डॉक्टर हल्ली गुरुवारी दवाखाना बंद ठेवतात. गावाला जातात एवढंच पुना सांगायचा. आज माझ्या मोठ्या बहिणीचा, लताअक्काचा धुळ्याहून फोन आला. ती मेहुण्यांना दाखवायला तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेली होती. म्हणाली, तुझे डॉक्टर तिथं बाकावर बसले होते आणि शेजारी एक तरुण बाई फाइल घेऊन. अक्कानं नमस्कार केला तर डॉक्टर ओशाळल्यासारखे झाले.

म्हणजे गाडी इथवर आली. हेमांगीचे काका त्याच हॉस्पिटलात डॉक्टर आहेत, हे पुनानं मला मागेच सांगितलं होतं. आता सगळं उघड आहे. धुळ्याला भागीदारी चाललीय. हॉस्पिटल निघणार, खाली तिचं मेडिकल असणार, आणि मी इथं रिकाम्या जिन्याखाली माश्या मारत बसणार. दिपमाला म्हणाली, अहो, हॉस्पिटलात माणूस तब्येत दाखवायलाही जातो. मी म्हटलं, डॉक्टर कशाला तब्येत दाखवतील, ते स्वतःच डॉक्टर आहेत. तिला व्यवहार कळत नाही.

जळफळाट म्हणजे काय ते मला या वयात कळतंय. तिच्या दुकानाची पाटी दिवसातून किती वेळा बघतो मी. ती आजारी पडावी असंही आज मनात येऊन गेलं. लिहिलं, कारण खरं आहे.

१८ मार्च

आज तिच्यासमोर माझं पाणी दाखवलं.

झुलाल आबा आले होते. पाचोऱ्याच्या बाजूचे, जुने पेशंट. हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून रक्त पातळ ठेवायची गोळी खातात, रोज एक. आज तपासणीचा रिपोर्ट दाखवून नवी चिठ्ठी घेतली, आणि माझ्याकडे गर्दी बघून समोर गेले. बाईंनी चिठ्ठी उलटीसुलटी केली आणि आबांना थांबायला सांगितलं. डॉक्टर जेवायला गेलेत, आले की विचारते, तोवर बसा. आबांना कुठला दम! तरातरा रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. मागोमाग तीही दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली, हातात पेन तसंच.

आबा म्हणाले, "भाऊ, मन्ही गाडी चुकी जाई. तू जे देस ते मी खास, मन्हा बठ्ठा इस्वास तुन्हावर शे."

मी देईन ते खातील, सगळा विश्वास माझ्यावर! आणि ती बघत होती. मी चिठ्ठी हातात घेतली न घेतली तोच मोठ्यानं सांगितलं, तिला ऐकू जाईल असं, "रोज एक, रात्री जेवल्यावर, नेहमीचीच." पाकिटावर तसं लिहूनही दिलं. ती पायरीवरून म्हणाली, लीलाधरभाऊ, डॉक्टर येईस्तोवर थांबा ना. गिऱ्हाइकं माझ्याकडे बघून हसली. मी आबांना रिक्षात बसवून दिलं.

दिवसभर छान वाटत होतं. आता लिहिताना वाटतंय की आकड्याशेजारी काहीतरी होतं, रेघेसारखं. पेन घसरलं असेल.

२७ मार्च

आबांना इथं सरकारी दवाखान्यात आणलं. हिरड्यांतून रक्त, लघवीत रक्त, अंगभर काळेनिळे डाग. रक्त पाण्यासारखं झालं होतं. दोन दिवस काही खरं नव्हतं, आता धोका टळला म्हणतात. त्यांचा मुलगा भटू दुपारी आला आणि खालीच ओरडायला लागला. तिथल्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की रिपोर्ट बघता गोळी कमी करायला हवी होती, ती कमी का केली नाही ते विचारा. लोक जमले. त्यानं पाकीट, चिठ्ठी, सगळं काउंटरवर टाकलं, आणि मी नुसता उभा होतो. 

तेवढ्यात डॉक्टर जिना उतरून आले. सावकाश, कठड्याला धरून. मागे हेमांगी. त्यांनी भटूसमोर उजवा हात खिशातून काढला आणि काउंटरवर ठेवला. तो हात थांबत नव्हता. काउंटरच्या काचेवर बोटं टकटक वाजत होती, आणि ते ती वाजवत नव्हते.

"याला काही बोलू नको," ते भटूला म्हणाले. "चूक या हाताची आहे. लीलाधर मी लिहिलेलंच वाचतो."

भटू दोन पावलं मागे सरला.  डॉक्टरांनी चिठ्ठी उचलली आणि वर घेऊन गेले. त्यांना जिन्यावर हेमांगीनं आधार दिला. मी इतक्या जवळ होतो, मला सुचलं नाही.

२८ मार्च

आज वर गेलो. डॉक्टरांनी मला समोर बसवलं, चहा सांगितला. त्यांच्यासाठी चहा स्टीलच्या ग्लासात आला, अर्धाच भरलेला.

त्यांनी सगळं सांगितलं. कंपवाताची सुरुवात आहे. हात थरथरतो, अक्षर बारीक होतं, चाल आखडते. हेमांगीच्या वडिलांना तेच होतं, त्यामुळे तिनं अक्षरावरून ओळखलं. आधी तिच्यावर चिडलो, म्हणाले, मग तिनंच काकांकडे धुळ्याला नेलं. दर गुरुवारी तेच चाललं होतं. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? माझा आवाज चढला होता. इतक्या वर्षांचा माणूस मी, आणि तिला सांगितलं!

डॉक्टर म्हणाले, "मलाच कुठे माहीत होतं? माझी प्रत्येक चिठ्ठी खाली लागायची. मी समजायचो, अजून छान चाललंय. तिनं विचारलं म्हणून कळलं रे."

मग त्यांनी आबांची चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. टेबलावर लॅपटॉप होता, मी तो आधी हेमांगीच्या काउंटरवर पाहिलाय. डॉक्टर सांगायला लागले. हात गेला तर गेला, त्याचं दुःख नाही. मी तोंडानं सांगेन, कुणीतरी शेजारी बसून टाइप करेल, चिठ्ठी छापून निघेल, हेमांगीनं सगळं आखून दिलंय. पण आबांची गोळी मला अर्धी करायची होती. केली का, ते आठवत नाही. अर्धी लिहिली असेल तर फक्त हात बिघडलाय, आणि दवाखाना चालू राहील. पण रिपोर्ट समोर असून मी एक लिहिली असेल, तर डोकंही गेलं, आणि मग मी पेशंटला हात लावायचा नाही. भिंगानं पाहिलं, मलाच लागत नाही. हेमांगीला नाही, कुणालाच नाही.

"तू एक दिलीस म्हणजे एकच असणार. तू कधी चुकला नाहीस. पण एकदा नीट बघ आणि तोंडानं सांग."

मी नीट बघितली. पहिल्यांदाच बघितली म्हटलं तरी चालेल. अर्धी होती. एक, मध्ये तिरकी रेघ, खाली दोन. मुंगीएवढं, पण वीस वर्षं हे अक्षर बघणाऱ्या मला स्पष्ट. डॉक्टरांनी बरोबर लिहिलं होतं.

मी लॅपटॉपकडे बघितलं. ती रोज सकाळी येणार, इथं या खुर्चीवर बसणार. डॉक्टर बोलणार, ती लिहिणार. आणि खाली माझ्याकडे छापील कागद येणार, जो कुणीही वाचेल.

"एकच आहे, डॉक्टर," मी म्हटलं. "पूर्ण एक."

त्यांनी डाव्या हातानं लॅपटॉपचं झाकण मिटलं. मग म्हणाले, ठीक आहे.

५ एप्रिल

जिन्यावर नोटीस लागली, दवाखाना बंद होतोय. लोक येतात, वाचतात, खाली मला विचारतात. मी सांगतो, तब्येत.

त्यांच्या भल्याचंच झालं. या वयात विश्रांती नको का? आज नाही तर उद्या थांबावं लागलंच असतं. दिपमालाला हे म्हटलं तर ती म्हणाली, मी कुठे काय विचारलं? आबा घरी गेले, बरे आहेत. सगळं ठीक आहे. पुनाला मात्र काम शोधावं लागेल.

हेमांगी समोर आपल्या दुकानात असते. मला वाटलं होतं, तिची जिरली की बरं वाटेल.

१३ एप्रिल

डॉक्टर आज नाशिकला लेकीकडे गेले, कायमचे. गाडी दुकानासमोर उभी होती. गल्लीतली माणसं, जुने पेशंट, सगळे जमले होते. भटूसुद्धा आला होता, घरच्या केळीचा घड घेऊन. हेमांगी पिशव्या गाडीत ठेवत होती.

गाडीत बसायच्या आधी डॉक्टर माझ्या दुकानात आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"याच्यामुळे मी वेळेवर थांबलो. दुसरा कुणी असता तर माझं मन राखायला अर्धी म्हणाला असता. यानं खरं सांगितलं."

मी मान खाली घातली. लोकांना ते विनय वाटलं असेल.

मग ते जवळ येऊन फक्त माझ्याशी बोलले. म्हणाले, तुला वाईट वाटेल म्हणून सांगणार नव्हतो. टाइप करायला माझ्या शेजारी तूच बसणार होतास. हेमांगीनंच सुचवलं होतं. म्हणाली, तुमचे पेशंट लीलाधरभाऊंना पाठ आहेत, तेच हवेत तिथं, टाइपिंग मी शिकवते त्यांना. खालचं दुकान तुझ्या बायकोनं बघायचं, असंही ठरवलं होतं तिनं. "पण नुसता हाताचा प्रश्न असता तर," म्हणाले.

आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो थरथरणारा हात, सगळ्यांसमोर, माझ्या खांद्यावर. हेमांगी बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कसलाच नव्हता. मला बरं वाटावं म्हणून ती थोडी हसलीसुद्धा.

तेव्हाही सांगता आलं असतं. दोन शब्द होते. गाडीचं दार लागेपर्यंत वेळ होता, आणि गाडी गर्दीतून हळूहळू निघाली तेव्हाही होता. मी हात जोडून उभा राहिलो.